16.8 की 16.2?

शनिवार. सकाळपासून झड लागलीय. कोल्हापुरात अशा दिवसांत कपडे वाळत नाहीत आणि बोर्डावरचं तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराइडही आळसावतं.

आजची नोंद एका नॉच फिल्टरची, म्हणजे एकच वारंवारता अडवणाऱ्या गाळणीची. सिग्नल नेणाऱ्या 50 ओहमच्या तांब्याच्या पट्टीला चिकटलेला एक उघडा स्टब (टोक मोकळं असलेला आखूड फाटा), 2.45 गिगाहर्ट्झ अडवायला. कॅपॅसिटर नाही, कॉइल नाही. तांब्याची लांबी हाच सुटा भाग. 1.6 मिमी जाडीच्या एफआर 4 या सर्किट बोर्डाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 4.4 धरला, तर पट्टी साधारण 3 मिमी रुंद येते, प्रभावी स्थिरांक (बोर्ड आणि वरची हवा मिळून) 3.33 आणि पाव तरंगलांबी, म्हणजेच स्टबची लांबी, 16.8 मिमी. परीक्षेत इथे पूर्ण गुण. बोर्डावर मात्र नॉच 2.36 च्या आसपास जाऊन बसतो, कारण उघड्या टोकाशी विद्युतक्षेत्र तांब्याच्या पुढे सांडतं आणि स्टब 0.6 मिमी लांब असल्यासारखा वागतो. म्हणून 16.2.

त्यात एफआर 4 चा भरवसा नाही. स्थिरांक 4.7 निघाला की आणखी तीन टक्के खाली. शिवाय लांबी मुख्य पट्टीच्या कडेपासून मोजायची की मध्यापासून, यातच दीड मिमी जातो. सांध्याचा हा घोळ सिम्युलेटरवरच सोडवलेला बरा. इथे 1 मिमी म्हणजे जवळपास 145 मेगाहर्ट्झ. त्यामुळे पहिला स्टब 17.5 चा ठेवावा आणि ब्लेडने टोक थोडं थोडं खरवडत आणावं. आखूड झाला तर तांबं पुन्हा उगवत नाही.

एचिंगचं (नको ते तांबं विरघळवण्याचं) थोडक्यात: मागची बाजू आधी चिकटपट्टीने पूर्ण झाकायची, नाहीतर तिथलं ग्राउंडचं तांबंच विरघळून जातं (दरवर्षी कुणीतरी हे करतंच). प्लास्टिकचा ट्रे कोमट पाण्यात ठेवायचा. धातूचं भांडं नको.

मोजणीत व्हीएनएची (कोणत्या वारंवारतेवर किती सिग्नल पलीकडे जातो ते मोजणाऱ्या यंत्राची) रेंज आधी ठरवायची, मग केबलच्या टोकाला शॉर्ट, ओपन, लोड, थ्रू अशा चार जोडण्या लावून कॅलिब्रेशन. नंतर रेंज बदलली की कॅलिब्रेशन पुन्हा.

खरी गंमत बोर्ड ठेवायच्या डब्याची. उद्यमनगरात सांगितलं की अॅल्युमिनियमचा सुबक डबा मिळतो, आणि मागणारा हमखास ऐसपैस माप देतो: आतून 100 × 80 मिमी. पण तेवढ्या पोकळीचा पहिला अनुनाद (पोकळी स्वतःच घुमते ती वारंवारता) येतो बरोब्बर 2.4 गिगाहर्ट्झवर! झाकण बसवताच सिग्नल स्टबला वळसा घालून डब्यातून पलीकडे पोचतो आणि नॉच उथळ होतो. दोष सोल्डरिंगमध्ये शोधत दुपार जाते. 60 × 50 घेतलं तर हाच अनुनाद 3.9 वर सरकतो. उंची कमी-जास्त करून तो हलत नाही. पण झाकण बोर्डाच्या फार जवळ आलं तर पट्टीचे 50 ओहम घटतात, म्हणून वर 15 मिमी मोकळे हवेत. आलेख काढायचा तो झाकणाचे सगळे स्क्रू आवळून.