काढलेली माती परत लावायची नाही

शुक्रवार, रात्री

सहावीला यंदा वेरूळचं कैलास लेणं करायला दिलं आणि अट एकच घातली: काढलेली माती परत लावायची नाही. पुठ्ठा नको, फेव्हिकॉल नको. बुटांच्या खोक्यात ओला शाडू ठासून भरायचा आणि थोडा आवळला की वरून कोरत खाली यायचं.

मापं मुलांनीच काढली. लेण्याचं अंगण साधारण ८२ मीटर लांब, ४६ रुंद. ४ मीटरला १ सेंटिमीटर धरला की खोक्यात बसतं. शिखर तीसेक मीटर, म्हणजे साडेसात सेंटिमीटर. गणिताचा तास फुकटात झाला.

प्रतिकृती म्हटली की मुलं (बरेचदा त्यांचे आईबाबा) जोत्यापासून कळसापर्यंत रचत जातात. कैलास उलटं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खणत उतरले. मधे उरलेल्या बेसाल्टच्या ठोकळ्यातून आधी शिखर सुटलं, जोत्यातले हत्ती शेवटी. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते, दरवर्षी माना डोलतात.

आज चमचे हातात आले आणि अर्ध्या तासात ओरड सुरू झाली. एका गटाने अंगण झकास मोकळं केलं, मग पुस्तकातलं चित्र पाहिलं. "बाई, खांब विसरलोच की!" नंदीमंडपाच्या दोन्ही बाजूंचे ध्वजस्तंभ. मी म्हटलं, मग करा आता. "कशाचा करणार? डोंगरच संपला!"

शेजारच्या गटाचं गोपुर ते नंदीमंडप हा पूल कसा ठेवायचा यावरून भांडण. खालची माती काढली की पूल खचतो, नाही काढली तर तो पूलच नाही. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी काडीने पोखरत नेलं आणि तो टिकला. वर्गाने टाळ्या वाजवल्या, शेजारच्या वर्गातून तक्रार आली.

एकाने हत्तीची सोंड थुंकी लावून गुपचूप चिकटवली. पकडला गेल्यावर म्हणाला, वेरूळच्या हत्तीची पण तुटलीये ना, मग माझी चालेल. चालेल.

मधल्या सुट्टीनंतर बडोद्याच्या ताम्रपटाची गोष्ट सांगितली. इ.स. ८१२च्या सुमाराचा हा लेख म्हणतो की हे मंदिर पाहून खुद्द ते घडवणाराच चकित झाला, आपण हे केलं तरी कसं! खांबवाला गट सोडून सगळे हसले.

तो गट आता नवा खांब करून चिकटवायची परवानगी मागतोय. प्रदर्शनात दिव्यांच्या माळा लावलेल्या ताजमहालाशेजारी खोकं ठेवायचंय, बक्षीस हवंय. नाही म्हटलं. खांबाच्या जागी चिठ्ठी लावा, 'इथे डोंगर संपला'. अजून रुसलेत, पण चिठ्ठी कुणाच्या अक्षरात लिहायची यावर वाद सुरू झालाय.