‘जीव द्यावासा वाटतो का’ हे विचारायला मुलींना का शिकवता?

मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मानसिक आरोग्य हा विषय शिकवते. पालकसभेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत मला एकच प्रश्न विचारला जातो: वीस-एकवीस वर्षांच्या मुलींना तुम्ही रुग्णाला असे थेट विचारायला लावता, त्याने नसलेला विचार मनात भरणार नाही का? नाही भरत. यावर पुरेसे संशोधन झालेले आहे, आणि नैराश्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीतला नववा प्रश्न याच विचारांविषयी आहे.

मेडिसिन वॉर्डात कीटकनाशक पोटात गेलेली एक तरुण बाई दाखल होती. ‘खोकल्याचे औषध समजून चुकून घेतले’ असे नातेवाइकांनी सांगितले होते आणि केसपेपरवर तेच उतरले होते. माझी विद्यार्थिनी तिची नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, ॲट्रोपिन या विषावरच्या उताऱ्याचे डोस चोख नोंदवत होती. सासू चहाला खाली गेली तेव्हा तिने स्टूल ओढून आधी झोपेचे, जेवणाचे विचारले आणि मग वर्गात अनेकदा म्हणवून घेतलेले वाक्य उच्चारले: ‘ताई, त्या वेळी जीव द्यावासा वाटला होता का?’ बाईने सलाइनची नळी सरळ केली आणि म्हणाली, ‘दुसरी बाटली न्हाणीच्या माळ्यावर आहे. ह्यांना माहीत नाही.’

हे शेवटचे शब्द सासूच्या कानावर पडले. ‘आमच्या घरावर पोलीस घालता काय’ म्हणून नातेवाइकांनी वॉर्ड डोक्यावर घेतला, आणि मुलींना औषधे द्यायला शिकवा, उलटतपासणी घ्यायला नको, असे इन्चार्ज सिस्टरांनी मला सर्वांदेखत सुनावले. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरावे आणि तिला शिक्षा करू नये, असे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 115 सांगते. पण भेदरलेल्या माणसांसमोर कलमे वाचून काही साधत नाही. मानसोपचार विभागाला रेफरन्स गेला आणि बाईच्या भावाने माळ्यावरची बाटली हलवली. विद्यार्थिनीने मात्र संध्याकाळी मला विचारले, ‘मॅडम, घरी गेल्यावर सासू तिला काय म्हणेल?’

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आजही नाही. मी आधी लक्षणांच्या याद्या पाठ करून घेत असे. त्यात कोणाचा तोल जात नसे आणि बाटलीही सापडत नसे, हे मी त्या वेळच्या स्वतःला आजही ऐकवते. ती जुनी मी उलट विचारते, की एकान्त नसलेल्या वॉर्डात उघड झालेल्या गुपिताची किंमत कोण मोजणार? आता सरावात एक मुलगी रुग्ण होते, दुसरी परिचारिका आणि तिसरी खाटेजवळून न हलणारी सासू. ‘मावशी, जरा बाहेर बसता का?’ हे वाक्यही तितकेच घोटून घेते, पण खऱ्या मावश्या बऱ्याचदा बसत नाहीत.

हे काम मानसोपचारतज्ज्ञांवर सोडा, असेही सुचवले जाते. जरूर सोडावे, फक्त रात्रपाळीला, माणूस बोलायला तयार होतो तेव्हा, खाटेपाशी बहुधा सिस्टरच असते.