संत्र्यात टोचलेली सुई

कॅनडात, व्हँकुव्हरमध्ये ईस्ट हेस्टिंग्ज नावाचा रस्ता आहे. कमरेत वाकून, हात जमिनीकडे लोंबत, उभ्याउभ्याच झोपलेली माणसं तिथे दिसतात. आश्चर्य म्हणजे पडत नाहीत. पहिल्यांदा बसमधून पाहिलं तेव्हा वाटलं, काहीतरी हरवलंय, शोधताहेत. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "फेंटानिल."

खरं तर हे ऑपरेशनच्या वेळी, तीव्र वेदनांवर देतात ते औषध. हेरॉइनच्या सुमारे 50 पट कडक. रस्त्यावरच्या मालात ते किती मिसळलंय, हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं. थोडं जास्त झालं की श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात आणि माणूस शांतपणे जातो. इथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2016 च्या एप्रिलमध्ये यासाठी आरोग्य आणीबाणी जाहीर केली. त्याच्याही आधी, 2003 पासून, याच रस्त्यावर 'इनसाइट' आहे. तिथे लोक आपापला माल घेऊन येतात, नर्सच्या देखरेखीखाली टोचून घेतात.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे सरकारच बसवून नशा करू देतंय? काय देश की बाई!"

मलाही पटायला वेळ लागला. सगळं पटलंय असं अजून नाही. इथल्यांचंही एकमत कुठेय? 2023 च्या जानेवारीअखेर असा माल अडीच ग्रॅमपर्यंत जवळ बाळगणं गुन्हा नाही असं ठरलं, आणि 2024 च्या मेमध्ये सार्वजनिक जागी तो पुन्हा गुन्हा झाला.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर औषधाच्या दुकानात नॅलॉक्सोनचं, म्हणजे फेंटानिलचा असर उतरवणाऱ्या औषधाचं, किट आणायला गेले. फुकट मिळतं. काळी चेनवाली छोटी पेटी, आत तीन काचेच्या कुप्या, सुया, हातमोजे, तोंडावर ठेवायचा मास्क. फार्मासिस्टने हातात एक संत्रं दिलं आणि म्हणाला, टोच. पहिल्यांदा सुई वाकडी गेली, रस मनगटापर्यंत ओघळला. खऱ्या माणसाला मांडीत, पँटवरूनच टोचायचं. तोवर दर पाच सेकंदांनी एक श्वास द्यायचा. श्वास परत आला की कुशीवर वळवायचं, उलटी झाली तरी घशात जाऊ नये म्हणून.

कुशीवर. तिथे माझं लक्ष उडालं.

धाकटे मामा सोलापुरात अशोक चौकापलीकडे यंत्रमागावर होते. शनिवारी पगार, शनिवारीच हातभट्टीचा फुगा. आजीने सिद्धेश्वराला नवस बोलला, पंढरपूरला नेऊन माळ घातली. माळ आठ महिने टिकली. ती तुटली तेव्हा मामांनी मणी वेचून डबीत ठेवले होते, पुन्हा घालीन म्हणून. एका रात्री ते ओट्यावर पडले. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून घरच्यांनी उचलून आत नेलं, उताणं झोपवलं, दार लोटलं. सकाळी उठले नाहीत. उलटी घशात अडकली होती. बाहेर आम्ही 'अटॅक' सांगितलं. मी नववीत होते.

नॅलॉक्सोन दारूवर चालत नाही, हे मी फार्मासिस्टला मुद्दाम विचारून घेतलं. का विचारलं, ते सांगितलं नाही.

रविवारी आईला संत्र्याची गंमत सांगत होते. बोलता बोलता कुशीवर वळवण्याचंही सांगून गेले. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग तिने विचारलं,

"डाव्या की उजव्या?"

"कुठल्याही," मी म्हटलं.