एका 'एल'पायी गेलेले दोन दिवस

बाबांचा लॅपटॉप २०१४ चा, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम. मधे मी त्याला एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून दिली म्हणून अजून तग धरून आहे. बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार, त्यामुळे मेंटेनन्सचं एक्सेल, बँकेची साईट आणि व्हॉट्सअॅप वेब तिन्ही एकदम उघडी लागतात आणि मग माऊस नुसता फिरतो, बाकी काही हलत नाही. नवा घ्या म्हटलं की "याला काय धाड भरलीये?" विंडोज ११ याच्यावर अधिकृतपणे चालत नाही, १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, सगळं सांगून झालंय, पण रिटायर माणसाच्या हिशोबापुढं मायक्रोसॉफ्टचं काय चालणार.

मग म्हटलं चला, निदान रॅम तरी वाढवू. एक स्लॉट रिकामा होताच. एमजी रोडवरच्या एका दुकानातून ८ जीबीचा सेकंडहँड डीडीआर३ (रॅमचा एक प्रकार) घेतला, साडेआठशे रुपये. काउंटरवरच्या पोराला लॅपटॉपचा मॉडेल नंबर दाखवला तर त्यानं बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, डीडीआर थ्रीच ना, डोळे झाकून टाका." मी डोळे झाकूनच टाकला.

शनिवारी संध्याकाळी घरी नाशिकरोडला डायनिंग टेबलवर मांडामांड केली. बॅटरी काढली, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरलं (उरलासुरला करंट निघून जातो), खालचं झाकण उघडलं, रॅमची नवी स्टिक तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक्कन बसल्या. इथपर्यंत एकदम प्रोफेशनल. बटण दाबलं. पंखा फिरला, लाईट लागली, स्क्रीन काळाच. कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकायला लागला, पंखा थांबला, पाच सेकंदांनी आपोआप परत सुरू, परत तेच. बाबा मागं उभे, बोलले काही नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. आई मात्र स्वयंपाकघरातून, "चालत होता ना चांगला?"

नवी स्टिक काढली, जुनी एकटी ठेवली, तर लॅपटॉप काही झालंच नाही अशा थाटात चालू. जीव भांड्यात पडला. म्हणजे बोर्ड शाबूत आहे, भानगड नव्या स्टिकची किंवा स्लॉटची. हे आधी ठरवून घ्यायचं, नाहीतर माणूस उगाच बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायला जातो आणि रॅम डळमळीत असताना मधेच मशीन बंद पडली तर बायोसचीच वाट लागते. जुनी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, चालली, म्हणजे स्लॉट पण बरा. नवी एकटी घातली, काळा स्क्रीन. खोडरबरनं सोनेरी पट्टी हलक्या हातानं घासली, भुगा नीट झटकला, परत घातली, काळा स्क्रीन.

आणि मग रात्री साडेअकराला दोन्ही स्टिक एकत्र घातल्या तर चक्क चालू झाला! १२ जीबी दाखवायला लागला, बाबांना हाक मारली, त्यांनी एक्सेल उघडलं, व्हॉट्सअॅप उघडलं, "वा" म्हणेपर्यंत निळा स्क्रीन, खाली मेमरी मॅनेजमेंट वगैरे लिहिलेलं. त्यानंतर पुन्हा उठलाच नाही. मुळीच चालला नसता तर परवडलं असतं, एकदा चालल्यामुळं मी रविवारचा अख्खा दिवस त्याच्यात घातला. फास्ट स्टार्टअप बंद करून बघ, जुन्यावर बायोसची सेटिंग डिफॉल्ट करून मग नवी घालून बघ, स्टिकांच्या जागा बदलून बघ, दुपारचं जेवण पण टेबलच्या कोपऱ्यावर.

चार वाजता चहाला बाबा येऊन बसले. बाबा इथल्याच नोट प्रेसमधून रिटायर झाले, बरीच वर्षं तपासणीत होते. शाई कुठं पसरलीये, नंबर कुठं सरकलाय, हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी दोन्ही स्टिक शेजारी शेजारी ठेवल्या, भिंग आणलं आणि मिनिटभरानं म्हणाले, "हे दोन सारखे नाहीत रे. याच्यावर एल आहे. याच्यावर नाही."

जुन्या स्टिकरवर पीसी३एल-१२८००एस, नव्यावर पीसी३-१२८००एस. मी दोन दिवस १२८०० तेवढं बघत होतो, १२८०० म्हणजे १६०० चा स्पीड, तो जुळतोय, मग झालं. तो मधला एल म्हणजे लो व्होल्टेज. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, एलवाली १.३५ वर. चौथ्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरांना १.३५ वालीच लागते. आता १.५ ची सवय असलेला गडी १.३५ वर कामाला जुंपला, तर एखाद्या वेळी उठेल पण भरवसा काय? ते साडेअकराचं बहुतेक तसंच झालं.

वैताग याचा की दोन्हींना पिना २०४ च आणि मधली खाच पण त्याच जागी. डीडीआर४ असती तर २६० पिना, खाच वेगळीकडं, बसलीच नसती आणि मी दुकानातच परत गेलो असतो. पण एलवाली स्टिक १.५ वर पण चालते, म्हणून खाच वेगळी ठेवली नाही, आणि त्याचा उलटा मार आपल्याला.

सोमवारी दुकानात गेलो तर "जुना माल रिटर्न होत नाही भाऊ". वाद घातला, पण माझ्या बिलावर फक्त 'रॅम ८ जीबी' एवढंच लिहिलेलं, त्यामुळं माझंच तोंड बंद. दुसऱ्या दुकानातून एलवाली घेतली, तिथं आधी बाबांनी स्टिकर वाचलं आणि मग पैसे दिले. या वेळी पण पहिल्यांदा स्क्रीन काही सेकंद काळाच राहिला आणि माझा हात बॅटरीकडं गेला होता, पण बाबा म्हणाले थांब जरा. थांबलो. आला लोगो. रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवलं, सकाळी एरर शून्य.

आता १२ जीबीत सोसायटीचा हिशोब पळतोय. ती बिनएलची स्टिक ड्रॉवरमध्ये पडून आहे, खराब नाहीये बरं का, दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीच्या आय५ वाला लॅपटॉप असेल तर त्यात चालायला हवी. नाशिकरोडला कुणाकडं असा असेल तर कळवा, येताना लॅपटॉप घेऊन या, इथंच लावून बघू. स्टिकर बाबा वाचतील.