नापास खोपा

छपाईला जाण्याआधी गोष्ट अनोळखी मुलांना वाचून दाखवायची, ही माझी जुनी खोड. मैत्रिणी नेहमी 'छान' म्हणतात. मुलं कंटाळली की सरळ चपला शोधायला लागतात.

यंदा पंचगंगेकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत जायचं होतं. पहिला बेत पाण्यात गेला; राजाराम बंधाऱ्यावर नदीनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली होती. पाणी उतरल्यावर गेले. पिशवीत पुस्तकाची प्रिंट आणि माझा लाडका खोपा. रिकामी घरटी गोळा करायचा मला छंद आहे. दिवाळीनंतर कळंब्याच्या बाजूला फिरायला गेलं की बाभळीखाली एखादं सापडतंच. (घरच्यांच्या मते हा केर.) हा खोपा सहा वर्षं माझ्या लिहायच्या टेबलावर टांगलेला होता. गोष्टही त्याच्याकडे बघूनच सुचली: नऊवारी नेसलेली सुगरणबाई उसाच्या पाल्याचे धागे काढून पिल्लांसाठी घर विणते.

चौथ्या पानावर होते, तेवढ्यात मागच्या रांगेतला एक पोरगा उठला.

"मॅडम, ती न्हाई बांधत. तो बांधतोय."

"तो कोण?"

"नर. पिवळ्या डोक्याचा. आमच्या हिरीवर हाईत की. ती नुसती बघायला येती."

वर्ग हसला. मीही हसले, जरा उशिरा. लाज याची वाटली, की हे मी वाचलेलं होतं. सलीम अलींनी किहीमला याच पक्ष्यावर नजर ठेवून हेच लिहून ठेवलंय. पण 'सुगरण' म्हटलं की डोळ्यांसमोर पदर खोचलेली बाईच उभी राहते, त्याला काय करणार!

विषय बदलावा म्हणून खोपा काढला. "हा बघा, खराखुरा. खालची नळी तेवढी तुटलीय."

पोरानं तो उलटा करून आत बोट फिरवलं. "तुटली न्हाई. केलीच न्हाई. अर्धा बांधून नर थांबतोय. मादीला पसंत पडला तर फुडं नळी. ह्यो नापास हाय."

सहा वर्षं मी एका नापास खोप्याखाली बसून लिहीत होते. साभार परत आलेल्या हस्तलिखितांचा माझा ड्रॉवर बरोबर त्याच्याच खाली आहे, हे मी वर्गात सांगितलं नाही.

शाळा सुटल्यावर त्याच्या वडिलांनी विहिरीवर नेलं. पाण्यावर झुकलेल्या फांदीला खोपे लोंबत होते. अर्धवट खोप्याला लटकून एक नर जिवाच्या आकांतानं पंख फडफडवत होता. मातकट रंगाची मादी आत शिरली, क्षणभर थांबली आणि भुर्रकन उडून गेली. नर तसाच लोंबकळत राहिला.

"सोयरीक जमवायचं असंच असतंय ओ," वडील म्हणाले.

रात्री चित्रकार मैत्रिणीला फोन केला. चोवीसपैकी अकरा पानांवर नऊवारी. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पिवळा फेटा बांधू का त्याला?"

फेटा ठरला. नाव मात्र अडलं. 'सुगरणराव' कानाला खटकतं. शेवटी वडिलांच्या फोनवर त्या पोरालाच विचारलं, "तुम्ही काय म्हणता रे त्याला?"

"आमी? नर म्हणतो की."