गळ्यातलं सील, पायाशी आलेला सील

पाण्याखाली जाऊन दोन मिनिटं झाली नसतील, तोच मानेपाशी एक थंडगार रेघ उमटली आणि पाठीवरून सावकाश खाली उतरायला लागली. ड्रायसूट म्हणजे पाणी आत येऊ न देणारा डायव्हिंगचा पोशाख; त्याच्या गळ्याला रबराचं घट्ट सील असतं. त्याखाली केसांची एखादी बट जरी अडकली तरी पाणी आत शिरायला तेवढी वाट पुरते. काठावर बडीने, म्हणजे माझ्या डायव्हिंगच्या जोडीदाराने, विचारलं होतं, "केस नीट आत घेतलेस ना?" मी घाईघाईत "हो हो" म्हणून मोकळी झाले होते. आता भोगा.

पाणी १३ अंश. सप्टेंबर असल्याने हे इथलं वर्षातलं सगळ्यात ऊबदार पाणी, बरं का. मार्चमध्ये ते ५-६ अंशांवर येतं. परत फिरावंसं वाटत होतं, पण समोरच्या हिरव्या धुक्यातून कॅथेड्रल रॉक या पाण्याखालच्या खडकाची कमान दिसायला लागली होती. म्हटलं, भिजलोच आहोत तर बघून घेऊ.

सेंट ॲब्ज हे स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावरचं चिमुकलं कोळीगाव. इथलं सुख म्हणजे बोटीची गरज पडत नाही. बंदराजवळच्या खडकांवरून घसरत, धडपडत, शक्यतो कोणी बघत नसताना पाण्यात उतरायचं. सेंट ॲब्ज ते आयमाउथ हा पट्टा १९८४ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तेही स्वेच्छेने पाळलेलं. डायव्हरने इथून काहीही उचलायचं नाही. खेकडा नाही, शेवंड नाही, साधा शिंपलाही नाही. नियम खरोखर पाळला जातो हे पाण्यात गेल्यावर कळतं, कारण मासे आपल्याला घाबरतच नाहीत. एक जाडजूड बॅलन रास मासा कमानीपर्यंत माझ्या खांद्याशी चिकटून आला. मी थांबले की तोही थांबायचा.

कमानीच्या आतल्या भिंतीला 'मेलेल्या माणसाची बोटं' लागलेली असतात. हे एका मऊ प्रवाळाचं रूढ नाव. पांढरी, केशरी, सुजल्यासारखी बोटं. टॉर्चचा झोत टाकला तेव्हा बरीचशी बोटं मिटून, मळकट होऊन बसलेली दिसली. उन्हाळा सरता सरता ती अशी आवळून घेतात आणि काही महिने खाणंपिणंच बंद ठेवतात. एकच बोट उघडं होतं. त्यावरचा प्रत्येक पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा इवलासा जीव, आठ पिसांचं फूल होऊन हलत होता. त्या एका बोटासमोर मी किती वेळ थांबले कोण जाणे, कारण तोवर पाणी मोज्यांपर्यंत पोचलं होतं आणि बडी घड्याळाकडे बोट दाखवत होता.

उष्ण समुद्रात डायव्ह करणारे लोक पहिला प्रश्न विचारतात तो दृश्यमानतेचा. इथे दहा मीटरपर्यंत दिसलं तर लोक खूश होतात. मला याचा त्रास होईल असं वाटलं होतं. उलट झालं. लांबचं दिसतच नाही म्हटल्यावर मान आपोआप खडकाकडे वळते.

दुपारच्या डायव्हला बोट घेतली आणि त्याच सवयीमुळे एका कपारीत लांडगामासा सापडला. राखाडी सुरकुतलेला चेहरा, बाहेर आलेले वेडेवाकडे दात, आणि एकूण भाव असा की भाडेकरू घर सोडत नाहीये. ते दात खेकडे आणि समुद्री साळिंदरांची कवचं फोडायचे. याच्या रक्तात थंडीने बर्फ होऊ न देणारी प्रथिनं असतात. पायात ओले मोजे घातलेल्या माणसाला हे वाचून थोडा हेवा वाटतो.

संध्याकाळी गावात ब्राँझचं छोटंसं शिल्प पाहिलं: बायका आणि मुलं समुद्राकडे बघत उभी आहेत. १४ ऑक्टोबर १८८१ च्या वादळात या किनाऱ्यावरचे १८९ कोळी बुडाले, त्यातले १२९ एकट्या आयमाउथचे. आम्ही दिवसभर हौसेने त्याच पाण्यात होतो.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला, इंग्लंडच्या हद्दीतल्या सीहाउसेसहून फार्न बेटांवर. आता दुसरा सील, म्हणजे करडा, मिशाळ, जिवंत सील. त्याच्या मागे जायचं नाही, हात लावायचा नाही, फक्त उथळ पाण्यात केल्पमध्ये, म्हणजे लांबलचक समुद्री शेवाळात, पडून राहायचं. मी तशी पडून राहिले. काहीच नाही. मग पायातल्या फिनला, म्हणजे पोहायच्या वल्ह्याला, हिसका बसला. वाटलं केल्प अडकलं. पुन्हा हिसका. वळून पाहिलं तर एक तरुण सील माझ्या फिनचं टोक दातात धरून, डोळे मोठे करून माझ्याकडेच बघत होता. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा. सोडलं, गिरकी घेतली, आणि पाठीमागून येऊन पुन्हा तेच. गळ्यातलं सील त्या दिवशी मात्र शहाण्यासारखं वागलं.

शेवटचे तीन दिवस स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर. स्क्रॅब्स्टरहून फेरी पकडून स्ट्रॉमनेस, आणि तिथून स्कापा फ्लो, म्हणजे बेटांनी वेढलेलं नैसर्गिक बंदर. पहिल्या महायुद्धानंतर इथे जर्मन आरमाराची ७४ जहाजं अडकवून ठेवली होती. २१ जून १९१९ ला ॲडमिरल रॉयटरच्या हुकमावरून जर्मन खलाशांनी स्वतःच ती बुडवायला काढली. ५२ बुडाली. स्ट्रॉमनेसच्या शाळेची मुलं नेमकी त्या दिवशी बोटीने आरमार बघायला सहलीला गेली होती! पुढे बहुतेक जहाजं भंगारासाठी वर काढली गेली. तळाशी सात मोठी उरली: तीन अवजड युद्धनौका आणि चार हलक्या युद्धनौका, म्हणजे क्रूझर.

आम्ही 'क्योल्न' या क्रूझरवर गेलो. ३५ मीटरच्या आसपास, उजव्या कुशीवर निजलेली. जहाज आडवं असलं की मेंदू गोंधळतो. डेक भिंत होतो, आणि कठडा छपराच्या कडेसारखा डोक्यावर येतो. मी पोलादावर नाक टेकवून जायचं ठरवलं होतं, पण जिथे पोलाद असायला हवं तिथे सगळीकडे फुलांसारखे दिसणारे ॲनिमोनी प्राणी आणि ठिसूळ तारामाशांचे हात. इथे येण्याआधी बडीने माझा गळा दोनदा तपासला होता. न विचारता.

वर येताना ६ मीटरवर काही मिनिटं थांबायचं, म्हणजे शरीर कमी दाबाला सरावतं. खाली जहाज दिसेनासं झालेलं, वर बोट दिसत नाही, बोटं बधिर. नाकासमोरून काचेसारखी एक कंगवाजेली, म्हणजे जेलीसारखा पारदर्शक सागरी जीव, गेली. अंगावरच्या आठ रेघांतून रंग धावत होते, आणि मी ती दृष्टीआड होईपर्यंत मिनिटं मोजायची विसरले.

स्कापाच्या कितीतरी बोटींना डायव्हर वर उचलायची लिफ्ट असते. पाठीवरचं ओझं आणि कमरेचं शिसं घेऊन शिडी चढलेल्या कोणालाही तिचं मोल सांगायला नको. बोटीचे मालक, ज्यांना मी मनातल्या मनात काका म्हणत होते, लिफ्ट थांबताच हातात चहाचा मग देऊन म्हणाले, "कोरडी?"

मी बाही उलटी करून दाखवली. कोरडी होती.