तेविसाचे पंचवीस

चिरडलेली काळी द्राक्षे सालींसह टाकीत पडून एक रात्र उलटली होती आणि सकाळी हायड्रोमीटर, म्हणजे रसाच्या घनतेवरून साखर दाखवणारे उपकरण, २५.६ ब्रिक्स (१०० ग्रॅम रसात तितके ग्रॅम साखर) दाखवत होता. तोडणीआधी बागेतून आलेल्या नमुन्याचा रस मी रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातून जाताना प्रकाश किती वळतो त्यावरून साखर सांगणाऱ्या उपकरणावर) पाहिला, तेव्हा तो २३ भरला होता. १०० ग्रॅम रसामागे अडीच ग्रॅमहून अधिक साखर जास्त म्हणजे तयार वाइनमध्ये सुमारे दीड टक्का अल्कोहोल जास्त, आणि यीस्ट निवडायचे ते याच आकड्यावरून.

“तुमचा रिफ्रॅक्टोमीटर एकदा तपासा,” असे वाइनमेकर म्हणाले. उपकरणावर पहिला संशय जावा हे रास्तच होते. डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकला, तर काटेकोर शून्य आले. हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला प्रमाणित केलेला असतो आणि टाकीतला रस त्याहून थंड होता; थंड रस दाट असल्याने आकडा थोडा चढतो, पण ती दुरुस्ती जेमतेम अर्ध्या अंशाची. किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेचे अल्कोहोल करणे, सुरू झाल्यावर अल्कोहोलमुळे ही दोन उपकरणे एकमेकांशी फटकून वागतात खरी, मात्र इथे यीस्ट अजून घातलेच नव्हते. टाकी ढवळून वरचा आणि तळचा रस वेगवेगळा मोजला, तरी फरक उरलाच.

तोडलेल्या द्राक्षात नवी साखर तयार होत नाही, तेव्हा ती आधीपासूनच कुठेतरी दडलेली असणार, हे उघड होते. नमुन्याची पिशवी शीतपेटीत होती. ती उघडून पाहिली, तेव्हा रसदार मणी फुटले होते आणि उन्हाने सुरकुतलेले मणी मात्र जसेच्या तसे होते. पिशवी हाताने दाबून रस काढण्याची आमची रीत. त्यात असे मणी चेपतात, पण रस सोडत नाहीत. मग राहिलेले सगळे मणी मिक्सरमधून काढले, तो लगदा काही तास मुरू दिला आणि गाळून पुन्हा मोजला, तेव्हा २५ च्या वर आकडा आला. टाकीतही रात्रभर हेच चालले होते. मनुक्यासारख्या मण्यांतली साखर सावकाश रसात उतरत होती.

वाइनमेकरांनी जास्त अल्कोहोल सोसणारे यीस्ट निवडले, पण ते लगेच घातले नाही. दुसऱ्या दिवशीच्या मोजणीत आणखी ०.३ ची भर पडली होती. ती धरूनच यीस्टची मात्रा ठरली.